ईअरबड्सचे टच आणि बटणं: नको तेव्हा चालतात, हवे तेव्हा चालत नाहीत. उपाय एकत्र करूया

पाणलोट (चिपळूण)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पाऊस लागला की रेनकोटची टोपी डोक्यावर आणि कानात बड्स अशीच चाल असते. त्यात बड्सचा टच असा काही वागतो की पॉडकास्ट मधेच थांबतो, पुढच्या भागावर जातो, कधी फोनमधली असिस्टंट बाई जागी होऊन "मी काय मदत करू?" विचारते. एकदा तर शेवटचा नंबर परत लागला आणि समोरचे गृहस्थ "हॅलो हॅलो" करत राहिले. उलट हात कोरडे करून मुद्दाम डबल टॅप करावं तर काहीच होत नाही.

बड्समधून आवाज कसा येतो, बॅटरी किती टिकते यावर इथे पुष्कळ लिहून झालंय. पण कानाशी बोट नेल्यावर पुढे काय होतं, यावर सविस्तर कुणी लिहिलेलं सापडलं नाही. तुमच्याकडे कोणत्या प्रकारचे बड्स आहेत, टच की बटण, आणि तुम्ही सेटिंग कसं ठेवलंय ते लिहा. "हे मॉडेल घ्या" एवढंच लिहू नका, कारण सांगा.

सूक्ष्मतरंग (पुणे)
चांगला विषय. मी एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, त्यामुळे आधी आत काय चालतं ते लिहितो. ते कळलं की निम्मे उपाय आपोआप सुचतात.

बाजारातल्या बहुतेक टचवाल्या बड्समध्ये कपॅसिटिव्ह सेन्सर असतो. बाहेरच्या प्लास्टिकखाली धातूचा एक छोटा पॅड असतो. बोट जवळ आलं की त्या पॅडची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, किंचित वाढते. बदल अगदी सूक्ष्म, पिकोफॅरडच्या आसपासचा. चिप तो बदल मोजते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की "बोट लागलं" असं धरते. म्हणजे तिला बोट दिसत नाही, दिसतो फक्त विद्युतक्षेत्रातला फरक. पाण्याचा ओघळ, घामाने ओली केसांची बट, ओली टोपी गालाला चिकटणं, यातूनही तसाच फरक पडू शकतो. पाणलोट, तुमच्या पावसाचं उत्तर हेच आहे. हातात जाड रबरी मोजे असतील तर नेमकं उलट होतं: बोट पॅडपासून दूर राहतं आणि टॅप पोहोचतच नाही.

दुसरा प्रकार दाबाचा. ॲपलने २०१९ च्या एअरपॉड्स प्रोमध्ये दांडीत फोर्स सेन्सर घातला, दांडी चिमटीत धरून दाबायची. नथिंगने ईअर (१) मध्ये टच ठेवला होता, ईअर (२) मध्ये चिमटी आली. सॅमसंगचे गॅलॅक्सी बड्स ३ प्रोही २०२४ मध्ये चिमटीवर आले. याला दोन बोटांचा दाब लागतो, म्हणून पाण्याच्या थेंबाने किंवा टोपी घासल्याने सहसा काही होत नाही.

तिसरा प्रकार हालचालीचा. २०१६ चे पहिले एअरपॉड्स घ्या. त्यांत ॲक्सेलरोमीटर होता, टकटक केल्यावर जो धक्का बसतो तो ओळखायचा. सोनीने २०२२ च्या लिंकबड्समध्ये हीच दिशा पुढे नेली: बड्सला हात न लावता कानापुढे गालावर टॅप केलं तरी चालतं. मला ही कल्पना फार आवडते, कारण टॅप करताना बड कानात ढकलला जात नाही.

आणि चौथं, साधं खटका असलेलं बटण. जाब्राच्या एलिट मालिकेत ते होतं. कंपनीने २०२४ मध्ये ती मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. बीट्सच्या फिट प्रोमध्ये बटण आहे. पॉवरबीट्स प्रोमध्ये तर आवाजासाठी वेगळी वर-खाली कळ आहे.

केवडा (नागपूर)
सूक्ष्मतरंग, मस्त समजावलंत. माझा अनुभव स्कार्फचा. इकडे उन्हाळ्यात चेहरा पूर्ण बांधल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. स्कार्फ सैल झाला की बडवर घासतो आणि गाणं थांबतं, नीट करायला हात नेला की पुन्हा सुरू होतं.

मी ॲपमध्ये जाऊन सिंगल टॅप दोन्ही कानांचा बंद केला. दाबून धरणंही बंद, कारण घट्ट बांधलेला स्कार्फ म्हणजे बडच्या दृष्टीने दाबून धरलेलं बोटच. उजव्या कानाला डबल टॅप = थांब/चालू आणि डाव्याला डबल टॅप = पुढचं, एवढंच ठेवलं. तेव्हापासून शांतता आहे. बहुतेक ब्रँडच्या ॲपमध्ये प्रत्येक टॅपला "काहीच नको" असा पर्याय असतो. सॅमसंगच्या गॅलॅक्सी वेअरेबलमध्ये प्रत्येक स्पर्शाचं वेगळं बटण बंद करता येतं, हवं तर सगळा टचच बंद करता येतो. वनप्लस आणि ओप्पोचं हेमेलडी, रिअलमीचं लिंक, नथिंगचं नथिंग एक्स, बोटचं हिअरेबल्स, अशी प्रत्येकाची ॲपं आहेत. बड्स घेतल्यावर ते ॲप कुणी टाकतच नाही, नुसतं ब्लूटूथला जोडून मोकळे होतात. आधी ॲप टाका.

दुपारची_शिफ्ट (डोंबिवली)
+१ केवडा. मात्र कॉल चालू असतानाची सेटिंग वेगळी असते हे कुणी लक्षात घेत नाही. गाण्यासाठी टच बंद केला तरी काही बड्समध्ये कॉलचा टॅप चालूच राहतो.

आमच्या लोकलमध्ये गर्दीत बड पडू नये म्हणून उतरण्याआधी काढून ठेवावा लागतो. तेवढ्यात फोन वाजत असला आणि काढताना बोट सपाट भागावर पडलं, की कॉल उचलला जातो किंवा कटतो. आता मी दांडीवाले बड्स दांडीला खालून धरूनच काढते आणि गोल बड्स असतील तर कडेला दोन बोटांनी धरून किंचित फिरवून. सपाट भागाला हात लावायचाच नाही. घरात सगळ्यांना ही सवय लावली.

पाणलोट
केवडा, सिंगल टॅप बंद केल्यावर थांब/चालू जरा पटकन व्हायला लागलं का? माझं सिंगल टॅपनंतर नेहमी क्षणभर थांबून मग थांबतं.

सूक्ष्मतरंग
पाणलोट, ती मुद्दाम केलेली वाट पाहणी आहे. एक टॅप आला की बडला लगेच ठरवता येत नाही, कारण दुसरा आणि तिसरा टॅप पाठोपाठ येऊ शकतो. म्हणून तो थोडा वेळ थांबतो, आणखी टॅप आला नाही की मग "एकच होता" असं ठरवून फोनला आज्ञा पाठवतो. फर्मवेअर, म्हणजे बडच्या आतलं सॉफ्टवेअर, नीट लिहिलेलं असेल तर डबल आणि ट्रिपल बंद केल्यावर सिंगल लगेच चालतो, पण सगळ्याच कंपन्या एवढी काळजी घेत नाहीत. डबल टॅप चुकतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच: आपण दोन टॅपमध्ये जास्त अंतर ठेवतो आणि बड त्यांना दोन वेगवेगळे सिंगल समजतो. लयीत, सारख्या अंतराने, बोटाच्या पेराने टॅप करा. नखाने नको, नख पॅडला फारसं कळतच नाही.

श्रुतिधर (कोल्हापूर)
मी पूर्ण दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो. फोन टॉकबॅकवर वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मला बड्समधून ऐकू येतं. माझ्यासाठी बड्स गाण्यापुरते नाहीत. त्यामुळे या विषयावर जरा विस्ताराने लिहितो.

डोळस माणसाला टच आणि बटण यातला फरक सोयीचा वाटतो. माझ्या बाबतीत तो मूळ फरक आहे. मला कुठलीही वस्तू आधी चाचपावी लागते: कड कुठे आहे, खाच कुठे, बटण कुठे. बटणावर बोट ठेवणं आणि बटण दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे मला विचार करायला जागा मिळते. टचवाल्या बडमध्ये ती जागाच उरत नाही. चाचपलं की झालीच आज्ञा. बड कानात नीट बसलाय का हे बघायला हात नेला की वाचन थांबतं किंवा नॉइज कॅन्सलेशन चालू होतं. घरी असताना हे चालून जातं. रस्ता ओलांडताना अचानक बाहेरचे आवाज दबले गेले तर ते माझ्या जिवावरचं असतं.

म्हणून माझी व्यवस्था अशी आहे. रस्त्यावर एकच बड, तोही भिंतीकडच्या बाजूच्या कानात. वाहनांच्या बाजूचा कान मोकळा. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू, नाहीतर स्टिरिओमधला दुसऱ्या बाजूचा आवाज हरवतो. बड्सवरचे सगळे स्पर्श बंद. थांब/चालूसाठी खिशातल्या फोनच्या स्क्रीनवर दोन बोटांनी डबल टॅप करतो, टॉकबॅकमध्ये ती खूण आहे आणि कॉल उचलायला-ठेवायलाही तीच चालते. आयफोनवर व्हॉइसओव्हर वापरणाऱ्यांनाही दोन बोटांचा डबल टॅप मिळतो. फोनची काच मोठी, हाताखाली ओळखीची, चूक होत नाही.

आता कंपन्यांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. टच बंद करायचं सेटिंग ॲपमध्ये असतं आणि बऱ्याच ॲपमध्ये बटणांना नावंच दिलेली नसतात. टॉकबॅक नुसतं "बटण", "बटण", "बटण" असं वाचत जातो. कुठलं बटण काय करतं हे मला शेजारच्या सहकाऱ्याला विचारावं लागतं. स्वतःच्या कानातली वस्तू कशी वागावी हे ठरवायला दुसऱ्याचे डोळे लागू नयेत. बटणाला नाव देणं प्रोग्रॅमरसाठी एका ओळीचं काम आहे. इथे कुणी ॲप बनवणारे असतील तर कृपया हे काम करा.

केवडा
श्रुतिधर, चाचपणं आणि दाबणं यातला फरक तुम्ही लिहिलात तो मी कधी असा विचारातच घेतला नव्हता. धन्यवाद. दुकानदाराने विचारलं की मी आता हेच सांगणार.

गोधडी (सातारा)
माझ्या आईच्या बोटांना संधिवात आहे, वय सत्तरीच्या पुढे. भाचीने तिला दांडी दाबायचे बड्स आणून दिले. आईला प्रवचनं ऐकायची असतात. चिमटीत दाबायला जोर लागतो, आणि दोनदा पटापट दाबणं तर तिला जमतच नाही. पहिल्या दाबानंतर दुसरा येईपर्यंत वेळ निघून जातो.

एअरपॉड्स वापरणाऱ्या कुणाच्या घरी असं असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत एअरपॉड्स नावाचं पान आहे. तिथे दाबण्याचा वेग सावकाश आणि सगळ्यात सावकाश असा ठेवता येतो, दाबून धरण्याचा वेळही बदलता येतो. दांडीवर बोट वर-खाली सरकवून आवाज कमी-जास्त करायची सोय ज्यांत आहे, म्हणजे २०२२ च्या प्रो २ पासून, त्यात ती तिथूनच बंद करता येते. आईची बोटं थरथरतात, त्यामुळे ती बंद ठेवणंच बरं पडलं.

पण खरं सांगायचं तर आई आता नेकबँड वापरते आणि खूश आहे. गळ्यात पट्टा, त्यावर तीन कळा, मधली थांब/चालू, दोन बाजूंना आवाज. कानाला हात लावायचाच नाही. आम्ही मधल्या कळेवर नेलपॉलिशचा जाड ठिपका दिलाय, बोटाला लागतो.

दुपारची_शिफ्ट
नेकबँडला माझंही मत. लोक त्याला जुना प्रकार म्हणतात, पण पडत नाही, हरवत नाही आणि कळ हाताला लागते.

सूक्ष्मतरंग
थोडा वेगळा सूर लावतो. बटण म्हणजे सगळं सुटलं असं नाही. कानावरचं बटण दाबताना जोर थेट कानाच्या नळीत जातो. रबरी टिप आत सरकते, "ढब्" असा आवाज येतो, आणि नॉइज कॅन्सलेशनसाठी टिपने जी घट्ट बैठक धरलेली असते ती हलते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तसं केलं तर काहींचा कान दुखतो. उपाय आहे: अंगठा बडच्या खालच्या कडेला टेकवायचा आणि तर्जनीने वरून दाबायचं, म्हणजे जोर कानात न जाता दोन बोटांत राहतो. वरच्या बाजूला कळ असलेले बड्स याबाबतीत बरे.

श्रुतिधर यांचं म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं. आमच्याकडे डिझाइन ठरताना टच निवडला जातो त्याचं मोठं कारण पाणी हेच असतं. बटण म्हटलं की फट आली, फटीला सील आलं. कपॅसिटिव्ह पॅडला कवच अखंड ठेवता येतं. कंपनीची सोय समजते, पण वापरणाऱ्याला बंद करायचा हक्क तरी सोप्या जागी मिळायला हवा.

कळफलक (बंगळुरू)
लॅपटॉपचं काय? फोनवर सगळं नीट लावलं, पण ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपला जोडल्यावर मीटिंग चालू असताना टॅप केला की मागे भलतंच गाणं सुरू होतं. आणि ॲप फक्त मोबाइलवर आहे.

सूक्ष्मतरंग
कळफलक, यात दोन गोष्टी आहेत.

पहिली, टॅपचं काम कुठे ठरतं. बहुतेक बड्समध्ये ॲपमधून केलेलं सेटिंग बडच्या स्वतःच्या मेमरीत लिहिलं जातं. म्हणून फोनवरून एकदा डबल टॅप = पुढचं असं ठेवलं की तेच बड्स लॅपटॉपला, टीव्हीला जोडले तरी तसेच वागतात. ज्यांच्या बड्सचं ॲप लॅपटॉपवर चालत नाही त्यांनी घरच्या कुणाच्या फोनवरून एकदा सेटिंग करून घ्यावं.

दुसरी, टॅपची आज्ञा पोहोचते कुणाकडे. बड फक्त "थांब/चालू" एवढंच सांगतो, ब्लूटूथच्या एव्हीआरसीपी नावाच्या पद्धतीने. कुठल्या ॲपने ऐकायचं हे बडला ठाऊक नसतं, ते फोन किंवा लॅपटॉप ठरवतो. सहसा ज्या ॲपने शेवटचं काही वाजवलं त्याच्याकडे ती जाते. म्हणून व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज ऐकताना टॅप केला तर मेसेज थांबण्याऐवजी सकाळचं गाणं वाजायला लागतं. साध्या कॉलची आज्ञा वेगळ्या पद्धतीने जाते, तिला एचएफपी म्हणतात. मीटिंगचं सॉफ्टवेअर बडला "कॉल चालू आहे" असं कळवत नसेल तर बड गाण्याच्याच आज्ञा पाठवत राहतो. मीटिंगआधी गाण्याचं ॲप आणि यूट्यूबचा टॅब पूर्ण बंद करा. म्यूट मात्र नेहमी मीटिंगच्या खिडकीतूनच करा. बडवरच्या म्यूटवर भरवसा ठेवू नका. बड म्हणतो म्यूट आणि स्क्रीनवर माइक चालू दिसतो असं होऊ शकतं.

कळफलक
टॅब बंद केल्यावर सुटलं. आणखी एक: अँड्रॉइड फोनवर बडवरून आवाज एकदम मोठा किंवा एकदम बारीक होतो, मधलं काही मिळत नाही.

सूक्ष्मतरंग
अँड्रॉइडमध्ये फोनचा आवाज आणि बडचा आवाज एकाच पट्टीला बांधलेले असतात. काही बड्सचं ते नीट जुळत नाही. फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर पर्यायांत (हा विभाग एरवी लपलेला असतो) "डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम" आहे, ते चालू केलं की दोन्ही पट्ट्या सुटतात. मग फोनची पट्टी मधोमध ठेवून बडवर बारीक फरक करा. आधी आवाज कमी करून मगच बड कानात घाला, बदलानंतर पहिला आवाज मोठा येऊ शकतो.

रानवारा (जुन्नर)
द्राक्षबागेत फवारणी करताना रबरी हातमोजे असतात, त्यामुळे टच चालत नाही हे वर वाचलं, तसंच होतं. मोजे काढून औषधाचा हात कानाला लावणं तर मुळीच नको. मी लांबलचक व्याख्यानं लावतो, म्हणजे मधे काही बदलावंच लागत नाही. पण फोन आला तर?

सूक्ष्मतरंग
रानवारा, काही फोनमध्ये कॉल आपोआप उचलायची सोय असते, सॅमसंगमध्ये आहे, आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टच, मग कॉल ऑडिओ राउटिंग, तिथे ऑटो-आन्सर आहे. हेडसेट लावलेला असताना किती सेकंदांनी उचलायचा तेही ठरवता येतं. फवारणीपुरतं चालू करा, घरी आल्यावर आठवणीने बंद करा, नाहीतर भलत्या वेळी कॉल उचलला जाईल. आणि बड्स नंतर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानेच पुसा. औषधाचा थर टचच्या भागावर राहिला तर सेन्सरही बिघडतो आणि ते कानालाही वाईट.

पाणलोट
सगळ्यांचे आभार. पुढे वाचणाऱ्यांसाठी, घेण्याआधी दुकानात काय तपासायचं ते मी इथल्या चर्चेवरून टिपलंय: टच पूर्ण बंद होतो का, कॉलचा टॅप वेगळा बंद होतो का, आवाज बडवरून बदलतो का, आणि सेटिंग बडमध्ये राहतं की फक्त ॲपपुरतं. यात काही घालायचं आहे का?

श्रुतिधर
हो. दुकानात विक्रेत्याला त्याच्या फोनवर टॉकबॅक चालू करून ॲप उघडायला सांगा. नावं वाचली जातात का ते ऐका. तुम्हाला स्वतःला गरज नसली तरी विचारा, विचारणारे वाढले तर कंपनीपर्यंत पोहोचेल.

गोधडी
आणि फर्मवेअर अपडेट झाल्यावर सेटिंग एकदा उघडून बघा. आमच्या घरी एका बड्सचे सगळे टॅप अपडेटनंतर मूळ जागी आले होते. मी आता सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवते, पुन्हा लावायला सोपं जातं.

केवडा
झोपताना ऐकणाऱ्यांसाठी: कुशीवर वळलं की उशीने टच लागतो. सोनीच्या ॲपमध्ये एका बाजूच्या कानाला काहीच काम न देण्याचा पर्याय आहे. मी ज्या कुशीवर झोपते त्या कानाला काही दिलेलं नाही.

दुपारची_शिफ्ट
केवडा, दुसऱ्या कुशीवर वळलात तर?

केवडा
मग दोन्ही बंद आणि ॲपमध्ये झोपेचा टायमर. गाण्याच्या बऱ्याच ॲपमध्ये तो असतो, अर्ध्या तासाने आपोआप थांबतं.